ओला चुना

"येसू, भिंतीला हात लावू नगं गं, चुना वला हाय!" चुना मळणाऱ्या आईची ही हाक येसूबाईच्या कानातून साठ वर्षांत गेली नाही.

सोलापुरातला तो जुना दगडी बंगला आता वारसा म्हणून जपलाय, आणि येसूबाई तिथंच झाडलोट करते. जिन्याजवळच्या भिंतीत उमटलेल्या, पिंपळपानाएवढ्या पंजावर काल काच बसली.

"हा मालकांच्या लाडक्या लेकीचा हात," गाईड पाहुण्यांना कौतुकानं सांगत होता. "मावशी, काच पुसा की जरा!"

पुसता पुसता येसूबाई थांबली.



"बाळा, ह्यो हात माझा हाय. ह्याच्यापायी आईचं काम गेलं, अन् ती मरेस्तवर म्हणत राहिली, माझ्या येसूनं न्हाय लावला हात."