पाळणाघराची वायर

“मला सरळ चोरच म्हणा ना!” ठेकेदार शिडीवरून उतरला तोच तणतणत.

पाळणाघराच्या बाई जागच्या हलल्या नाहीत. “चोर नाही म्हटलं. वायर जाळून दाखवा म्हटलं. साधी वायर पेटली की काळाकुट्ट, विषारी धूर सुटतो. माझी पोरं रांगणारी, जिना एकच. त्या धुरात ती दार शोधणार आहेत का?”

“म्हणून तर कमी धुराची महागडी वायर घातली! सांगून सांगून तोंड दुखलं माझं.”

“सांगणारे पुष्कळ भेटले.”

हे मात्र लागलं. उभा जन्म वायरिंगमध्ये गेलेल्या माणसाला असं बोलतात का? रंगारीसुद्धा हातातले ब्रश थांबवून ऐकत होते. ठेकेदाराचे कान तापले. “कुठला बोर्ड उघडू? तुम्हीच बोट दाखवा!”

बाईंनी झोपायच्या खोलीतला बोर्ड दाखवला आणि वायर ओढायला स्वतःच पुढे झाल्या. “राहू द्या, हात कापेल,” म्हणत त्याने वीतभर तुकडा कापून त्यांच्या हातावर ठेवला. मग स्वयंपाकघरातला बोर्ड, मग जिन्याजवळचा. बाईंचा संशय भलताच चिवट होता.

खिडकीशी लायटर पेटला. तुकडे जळले, पण धूर निघाला तो चहाच्या वाफेएवढा. उग्र वास नाही, डोळ्यांना झोंबणं नाही.

बाईंचा चेहरा उतरला. “चुकले मी. माफ करा.”

“मघाशी मोठ्याने बोललात. माफीही मोठ्याने मागा.”

बाईंनी रंगाऱ्यांना ऐकू जाईल अशी पुन्हा माफी मागितली. तरी त्याचा राग जाईना. दुपारी फोनवर त्याने बायकोला सगळं ऐकवलं. संध्याकाळी घरात शिरतानाही तोंडाचा पट्टा चालूच होता.

“मी जाऊन आले तिथे,” बायको म्हणाली. “माझ्या नवऱ्यावर आळ घेते म्हणजे काय? चांगली खडसावणार होते. पण बिचाऱ्या इतक्या ओशाळल्या होत्या! ते जळके तुकडेही दाखवले मला. म्हटलं, याहून सुरक्षित जागा कुठे मिळणार? आपल्या छकुलीचं नाव घालून आले. सोमवारपासून जाईल.”

बूट काढता काढता ठेकेदार थांबला. “नको.”

“का?”

“लहान आहे अजून.”

“चांगली दुडुदुडू धावतेय. आणि मला कामावर रुजू व्हायचंय, विसरलात?”

“नको म्हटलं ना एकदा!”

“अहो, ओरडता काय? कारण तरी सांगा. का बाईंचा संशय आता तुम्हालाही चिकटला?” ती हसली.

तो हसला नाही. त्याने उठून दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

“जाळली तेवढीच चांगली होती. प्रत्येक बोर्डात टोकाला वीतभर जोडलीय. लोकांची पोरं जाऊ देत, आपली नको.”