हनुमंतच्या नावाची ओळ

तेजस्विनीने प्रोग्राममधली ती एक ओळ पुसली, नवा कोड चढवला आणि शेजारच्या टेबलावरच्या निर्मलाताईंना म्हणाली, "आता तुमच्या नावानं आत शिरा आणि एक हुकूम पाठवा. खोटाच हं, चाचणीपुरता."

निर्मलाताईंनी बटण दाबलं. तेजस्विनीने नारायणगावच्या कचेरीला फोन लावला. "कुणाचं नाव उमटलं?"

"निर्मलाताईंचं," तिकडचा माणूस म्हणाला.

म्हणजे दुरुस्त झालं. तिने फोन ठेवला. आनंद काही झाला नाही.

पाणी वाटप संघाची ओतूरची ही कचेरी. इथे जो तो आपापल्या नावाने मशीनवर शिरे. पण चारीचं, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या कालव्याच्या फाट्याचं, पाणी सोडायचा किंवा बंद करायचा हुकूम इथल्या सर्व्हरवरून नारायणगावच्या सर्व्हरकडे निघाला, की पाठवणाऱ्याचं नाव वाटेतच गळून पडे. आणि बिननावाचा हुकूम तिकडचा सर्व्हर दाराशी उभा करत नसे. अकरा महिन्यांपूर्वी उद्घाटनाला पाहुणे हारतुरे घेऊन ताटकळले होते, तेव्हा तिने हनुमंत कारकुनाला विचारलं होतं, "काका, आजच्यापुरतं तुमचं नाव आणि पासवर्ड प्रोग्राममध्येच लिहून टाकू का? उद्या काढते."

"टाका की," हनुमंत हसला होता. "नाव काय झिजतंय व्हय?"

तो उद्या काही उजाडला नाही. तेव्हापासून कचेरीतल्या पाच जणांपैकी कुणीही बटण दाबो, नारायणगावला हुकूम पोचायचा तो हनुमंतच्या नावाने. आणि गेल्या महिन्यात बोरीच्या चारीचं पाणी पाळी संपायच्या चार दिवस आधीच बंद झालं. ऐन चैत्रात टोमॅटोची कोवळी रोपं जागच्या जागी करपली. नारायणगावच्या नोंदीत नाव निघालं हनुमंतचं.

"दुरुस्त कर आणि निघून ये," प्रोग्राम बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीतून तिच्या साहेबांनी बजावलं होतं. "कशामुळे झालं ते बोलायचं नाही. बोललीस, तर परत ऑफिसात येऊ नकोस." तिने बरं म्हटलं होतं. सकाळी देवापुढे दिवा लावताना मात्र तिला मान वर करवली नव्हती.

संघाचे अध्यक्ष सावळेराम आत आले. मागोमाग हनुमंत, टोपी हातात धरून.

"झालं का ताई काम?"

"झालं. आता ज्याचं त्याचं नाव जाईल."

"आन् मागचं?"

"मागचं... आहे तसंच राहील."

"ऐकलंस, हनुमंता?" सावळेराम वळले. "चारी तू बंद केली न्हाईस ना? मग उद्या बोरीच्या पंचांम्होरं खंडोबाच्या पायरीवर बेलभंडारा उचल. शपथ झाली की विषय मिटला. न्हाईतर घरी बस."

"म्या न्हाई उचलायचा," हनुमंत हळूच म्हणाला.

"म्हंजी तूच केलंस?"

"मला तर आठवत न्हाई, अध्यक्ष."

"लेका, सकाळी जेवलास का, ते तरी आठवतंय का?"

"तसं न्हवं. पर तिथं माझं नाव हाय. मशिनीचं आन् माझं काय वाकडं हाय का, ती उगं माझं नाव घिईल? म्याच दाबलं आसंल. वय झालं आता. भंडारा हातात घिऊन देवाम्होरं खोटा पडलो, तर कुठं जाऊ?"

निर्मलाताई खाली बघत होत्या. तेजस्विनी खुर्चीवरून उठली.

"काका, ते नाव मी लिहिलंय," ती म्हणाली. आवाज इतका बारीक, की सावळेरामांनी कान पुढे केला. "उद्घाटनाच्या दिवशी लिहिलं ते. काढायचं माझ्याकडून राहिलं. अकरा महिने कुणीही हुकूम पाठवला, तरी तुमचंच नाव उमटत होतं. नोंद फक्त नारायणगावलाच राहते, म्हणून चारी कुणी बंद केली ते आता मलाही सांगता यायचं नाही."

"हे लिहून द्याल?" सावळेरामांनी विचारलं.

"देते."

तिने तिथेच लिहिलं. खाली पूर्ण नाव घातलं, सही केली. पुण्याच्या ऑफिसातली आपली खुर्ची गेली, हे सही करतानाच तिला कळलं होतं.

"म्हंजी म्या न्हवं?" हनुमंतने विचारलं.

"तुम्हाला आठवत नाही ना, काका? मग मशिनीपेक्षा तुमची आठवणच खरी."

हनुमंत मटकन बाकावर बसला. त्याचा चेहरा उजळेल असं तिला वाटलं होतं. तो आणखीच उतरला.

"परवा दिसभर बोरीत व्हतो म्या," तो म्हणाला. "बत्तीस घरं फिरलो. ज्याची ज्याची रोपं गेली, त्याच्या दारात जाऊन माफी मागून आलो. म्हनलं, माझ्या हातून झालं." त्याने तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, खरोखरच विचारावं तसं. "आता ती माफी माघारी कशी आणायची, ताई?"

तेजस्विनी त्याच्या शेजारी बाकावर बसली.

"पहिलं घर कुणाचं, काका? मी येते तुमच्याबरोबर."

"चारीच्या तोंडालाच. सोनीबाईचं," हनुमंत म्हणाला. "तिनं दार उघडलंच न्हाई. कडीलाच हात जोडून आलो म्या."