उलटा पंखा

ती डॅशबोर्डखाली उताणी पडली होती आणि तिचे पाय दाराबाहेर होते. त्यामुळे दादा तिच्या पायांशीच बोलत होता.

"ऊठ आता. ट्रक आलाय."

"येऊ दे."

"काय ठरलं होतं आपलं? ट्रक यायच्या आत पंखा चालला तर व्हॅन तुझी, नाहीतर भंगारात. आला ट्रक."

"ट्रक आलाय. व्हॅनला साखळी कुठं लागलीय अजून?" पायांकडून उत्तर आलं.

शेजारच्या सीटवर ब्लँकेट गुंडाळून अण्णा बसले होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी हीच व्हॅन चालवली, शाळेची पोरं नेली-आणली. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी किल्ली लेकाला नाही, लेकीला दिली. या थंडीत हीटरचा पंखा बंद पडला. पोरं काकडत शाळेत पोचू लागली. काचेवर वाफ धरायची ती वेगळीच. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात फडकं. शेवटी पोरांच्या आयांनी सांगून टाकलं, हीटर नसेल तर सोमवारपासून पोरं दुसऱ्या गाडीनं जातील. दादाला तेवढं निमित्त पुरलं.

"अण्णा, तुम्ही तरी सांगा हिला."

"मी सांगतोच आहे," अण्णा म्हणाले आणि खाली वाकले. "किल्ली काढलीस का गं?"

"काढली."

"मग धर वायर."

जळालेली मोटर बाहेर फरशीवर पडली होती. तिच्या जागी बसवलेली मोटर दुसऱ्याच एका मोडीत गेलेल्या गाडीची होती, आणि ती विकली होती आता दाराशी उभ्या असलेल्या भंगारवाल्यानंच.

"मोटर चांगली आहे हां, ताई," तो हातावर हात चोळत म्हणाला.

"तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं आहात?" दादा भडकला.

"मी? मोटर विकली तरी माझा धंदा, व्हॅन नेली तरी माझाच धंदा. मी कशाला कुणाशी वाकडं घेऊ?"

परक्या मोटरचा प्लग इथं बसेना, म्हणून तिनं तो कापून टाकला आणि वायरीला वायर पिळून वर टेप गुंडाळली. वायरींचे रंग मळून सगळे सारखेच झाले होते. ती बाहेर आली, केसांतल्या धुळीसकट स्टिअरिंगमागं बसली आणि गाडी सुरू केली. सकाळच्या फेरीनं इंजिन अजून गरम होतं. तिनं पंख्याचं बटण फिरवलं.

पंखा घुमला. तिनं जाळीपुढं तळवा धरला. झुळूक म्हणावी एवढाच वारा.

दादानंही हात आत घातला. "हे? अगं, याच्यापेक्षा जोरात तर मी फुंकतो." आणि त्यानं खरंच तिच्या तळव्यावर फुंकून दाखवलं. मग मागं वळून म्हणाला, "लावा हो साखळी."

भंगारवाला व्हॅनच्या मागच्या बाजूला गेला. साखळी खणखणली.

"मोटर मेलेलीच दिली त्यानं!" तिनं स्टिअरिंगवर मूठ आपटली.

"मेलेली असती तर फिरली असती का?" अण्णा शांतपणे म्हणाले. "जरा कान दे. आवाज थकलेला वाटतो का?"

तिनं ऐकलं. "नाही. चांगला जोर आहे."

"जोर आहे आणि वारा नाही. मग जोर जातो कुठं?"

"अण्णा, शाळा नंतर भरवा," दादा म्हणाला.

अण्णांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही.

"अण्णा, सांगा ना पटकन. तो साखळी लावतोय."

"मी सांगणार नाही. दर वेळी मला कुठून आणशील? पंखा काढलास तेव्हा पाती बघितलीस ना? आठव, कशी होती?"

तिनं डोळे मिटले. गोल पिंजरा. त्याला उभी उभी पाती, सगळी एकाच बाजूला वळलेली, ओंजळीसारखी. ओंजळीनं वारा उचलायचा आणि बाहेर फेकायचा. पण ओंजळ पालथी असेल तर?

"उलटा फिरतोय! वायरी उलट्या लागल्या!"

अण्णा ब्लँकेट आवळून नीट बसले.

तिनं किल्ली काढली आणि पुन्हा डॅशबोर्डखाली शिरली. टेप सोडली, वायरींची अदलाबदल केली, परत पिळल्या. वर येऊन बसेपर्यंत काच वाफेनं पांढरी झाली होती. पोरांनी कधीतरी बोटांनी काढलेली चित्रं त्यात उमटली होती: मिशावालं एक मांजर, एक लांब नाक. दादा आता व्हॅनच्या पुढं येऊन उभा होता. काचेतून तो नुसता करडा डाग दिसत होता.

"पुरे झालं! उतर खाली!"

तिनं गाडी सुरू केली आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं.

जाळ्या शिंकल्या. पेन्सिलींच्या साली, चॉकलेटच्या कागदांचे तुकडे, लोकरीचा धागा, सुकलेली पानं, सगळं भसकन अण्णांच्या ब्लँकेटवर येऊन पडलं. पाठोपाठ गरम वाऱ्याचा लोट आला. अण्णांनी एक साल थरथरत्या बोटांत उचलली.

"किती पोरं होऊन गेली बघ," ते म्हणाले.

काच खालून साफ होऊ लागली. आधी दादाच्या कमरेचा पट्टा दिसला. मग स्वेटर. मग लांब नाक पुसलं गेलं आणि त्याच्या जागी दादाचा चेहरा आला.

"ट्रक आधी आला होता!" तो ओरडत होता. "ठरल्याप्रमाणं..."

मागं साखळी जमिनीवर पडल्याचा आवाज झाला. "सोडली हो, ताई!"

तिनं हॉर्न दाबला. फडकं उचललं, मागच्या सीटवर भिरकावून दिलं आणि गिअर टाकला.

"आता दिसतोस, दादा," ती म्हणाली. "हो बाजूला."