ज्ञानू शिकारी

तानाबाईनं मेण लावलेल्या कॅनव्हासच्या पिशवीवरचं नवं लेबल डोळ्यांजवळ धरलं आणि तिला शिसारी आली.

फोटो तिच्याच भिंतीवरचा, गेलेल्या नवऱ्याचा. ज्ञानू ताडपत्रीवाल्याचं नाव चार गावांत होईल म्हणून महिन्यापूर्वी हार काढून, काच पुसून तिनंच तो पिशव्या घेणाऱ्या राजवीरला दिला होता. आता लेबलावरच्या ज्ञानूच्या खांद्याला बंदूक होती. गळ्यातली तुळशीची माळ जाऊन तिथं वाघनख लोंबत होतं. पायाशी जीभ बाहेर काढून सांबर मरून पडलं होतं.

आणि हा माणूस कोल्हापुरात जन्म काढून अंड्यालासुद्धा शिवला नव्हता. जावयाच्या ताटात त्यानं मटण पडू दिलं नाही, त्यापायी लेक दोन वर्षं माहेरी फिरकली नव्हती.

"काय लिवलंय रं ह्येच्यावर?" तिनं लेकाला विचारलं.

कृष्णात कापडावरच्या मेणावर गरम इस्त्री फिरवत होता. मान वर न करता म्हणाला, "ज्ञानू शिकारी. तीन पिढ्या राधानगरीच्या जंगलात."

"जंगलात? फारेस्टच्या गार्डांस्नी पिशव्या द्यायला गेलतं आमचं मालक. ते बी येष्टीनं."

खुर्चीतला राजवीर हसला. त्याचं शहरात मोठं दुकान, गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं. पण या घरची भाकरी त्यानं मांडी घालून खाल्ली होती.

"आजी, पिशवी नुसती मजबूत हाय म्हटल्यावर कोण घेतंय? लोकांना रांगडी गोष्ट लागते. कॉम्प्युटरवर केलंय सगळं. आबा कसले रुबाबदार दिसतायत बघा की!"

"माळ कुठं हाय?"

"माळेनं शिकारी वाटंनात, म्हणून काढली."

तानाबाईनं कृष्णातकडे पाहिलं. दोनशे पिशव्यांचं काम होतं. ते गेलं, की उसाच्या ट्रॉल्यांच्या ताडपत्र्यांना ठिगळं लावत त्याला पुन्हा गावोगाव फिरायचं होतं. तो इस्त्री फिरवतच होता. त्याच्याही गळ्यात माळ होती.

ती आत गेली. सांडशी घेऊन आली, पिशवीचा बंद तिच्यात पकडला आणि मेलेला उंदीर न्यावा तशी पिशवी अंगापासून लांब धरून उंबऱ्याबाहेर टाकली.

"अहो आजी, सात हजारांची पिशवी हाय ती!"

तिनं मोरीत हात धुतले. मेणकाम करणारे हात ते, पाणी थेंब थेंब होऊन घसरून गेलं. साबण लावून तिनं ते पुन्हा खसाखसा घासले. मग राजवीरला एरवी 'बाळा'शिवाय हाक न मारणारी तानाबाई पदराला हात पुसत म्हणाली,

"उठा पावणं. आमच्या घरात शिकार येत न्हाय."

राजवीरनं आशेनं कृष्णातकडे पाहिलं.

कृष्णातनं इस्त्रीचं बटण बंद केलं.