दाराचं सागवान

पलीकडच्या वाडीतल्या पोरींना शाळेत आणणारी जुनी शिडाची होडी कोयनेच्या काठावर ओढून ठेवली होती. तिच्या दोन्ही बाजूंना आतून ताठ धरणाऱ्या आडव्या फळ्या कुजल्या होत्या, बोट लावलं तरी भुगा व्हायचा.

"सागवान घाला, न्हाईतर चांगली मरीन प्लाय," सुतार म्हणाला.

होडीचे मालक लालासाहेब तुच्छतेनं हसले. "बंगल्याच्या छताची प्लाय उरलीय, तीच ठोक. बसणार कोण, तर त्या वाडीच्या पोरी."

"पाण्यानं फुगंल ती, मालक. भर पाण्यात होडी फुटंल."

"सांगितलं तेवढं कर."

शेजारी उभी असलेली त्यांची बायको संयोगिता तडक घरी गेली. परतली ती टेम्पो घेऊनच. नव्या बंगल्याच्या मुख्य दारासाठी लालासाहेबांनी हौसेनं निवडून आणलेल्या सागवानी फळ्या तिनं सुतारापुढं उतरवल्या.

लालासाहेबांचा चेहरा पडला. "आगं, मग दाराला काय लावू?"

"तुमची ती प्लाय लावा," त्यांच्याकडं न बघता संयोगिता म्हणाली. "दार कुजलं म्हणून कुणाची पोर बुडत न्हाई."