बँकेशिवायचा पैसा

२०११ सालची भाऊबीज. ओवाळून झाल्यावर माझ्या धाकट्या भावाने, प्रभंजनने, तबकात नोट न टाकता माझ्या कॉम्प्युटरवर बिटकॉइन पाठवले.

"ताई, हा बँकेशिवायचा पैसा. उद्या भाजीसुद्धा यावर मिळेल."

"मग आधी भाजीवालीला बहीण मान," आमचे हे म्हणाले.

प्रभंजन हसला, आणि वाटतच राहिला; बहिणींना, शेजाऱ्यांना, विद्यार्थ्यांना. पैसा फिरला पाहिजे, म्हणायचा. त्याच्याजवळ काहीच उरलं नाही.

पुढे बिटकॉइनचे भाव गगनाला भिडले आणि त्याच सुमाराला ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन निघालं.

"विकावे लागतील रे. अर्धे तू घे."

"ओवाळणी परत घेतात का? पण विकू नकोस ताई, त्यातच खर्च कर."

"हॉस्पिटल घेईल का ते?"

मग त्यानेच बसून विकून दिले.

हे त्यानंतर सात वर्षं जगले. धाकट्या बहिणीने ठाण्यात फ्लॅट घेतला. प्रभंजन भाड्याच्या घरात शिकवण्या घेतो. माझे उरलेले पैसे मुदत ठेवीत आहेत. तोच मला स्कूटरवरून बँकेत सोडतो आणि बाहेर थांबतो. आत कधी येत नाही.