सुनेच्या डोक्यात तारा

“तारवाला डॉक्टर हा उंबरा ओलांडणार नाही,” म्हणत चुनीलालने ओट्यावर काठी आडवी धरली.

मुंबईचा डॉक्टर पिशवी घेऊन पायरीवरच थांबला. चुनीलालचा मुलगा सुकलाल खुंट्याच्या म्हशीकडे बघत उभा होता. बापासमोर तो नेहमी म्हशीकडेच बघे.

भांडण गेल्या वर्षीचं, बासष्ट सालचं. सुनेला, अनुसयेला, फेफरं येई. डॉक्टर म्हणाला होता, ते मेंदूत कुठून उठतं हे शोधू. कवटीला बारीक भोकं पाडून केसाएवढ्या तारा आत सोडू. कागदावर रेघा उमटतील, त्या जागा सांगतील.

“मन्ही वहू काय रेडिओ शे?” चुनीलाल म्हणाला होता. “पंचायतीत एक शे, तेवढा पुरे. तार घातली तर तिला या घरात पाय ठेवू देणार नाही. सुकलालचं दुसरं लगीन लावीन.”

त्यांच्यात सून सासऱ्याशी बोलत नाही. अनुसया बोलायचं ते म्हशीला सांगे, सासरा ऐके. नाकापर्यंत पदर ओढून तिने म्हशीला सांगितलं, “डोकं मन्हं शे.” आणि रुसून नदीपलीकडच्या माहेरी म्हणून निघाली.

दोन महिन्यांनी परतली, त्याच दिवशी चुनीलालने तोरणमाळच्या भगताचा काळा दोरा सुकलालच्या हाती दिला. “बांध तिच्या गळ्यात.” तेव्हापासून फेफरं बंद. भगताला बोकड पोचला, गावाला ही हकिकत रोज.

“पाच महिने झाले, एक झटका नाही,” चुनीलालने डॉक्टरला सुनावलं. “दोऱ्याने केलं. तुमच्या तारा पिशवीतच राहू द्या.”

“पिशवीत तारा नाहीत,” डॉक्टर म्हणाला.

“मग काय शे?”

डॉक्टरने सुकलालकडे पाहिलं. सुकलालने म्हशीकडे.

आत बांगड्या वाजल्या. अनुसया उंबऱ्यावर आली. अकरा वर्षांत चुनीलालने तिची पावलंच तेवढी पाहिली होती. आज ती म्हशीकडे वळली नाही. तिने पदर मागे टाकला.

डोक्यावर बोटभर नवे केस. कानाच्या वर टाक्यांची, घोड्याच्या नालेसारखी खूण.

“तारास्नी जागा दाखाडी, डॉक्टरस्नी ती काढी टाकी, बापू,” ती म्हणाली. “माहेरले मी गेलीच नव्हती, मुंबईले व्हती. आज ते जखम देखाले आलेत.”

चुनीलालची काठी खाली आली. “आणि दोरा?”

“तो पहिल्या दिनपासून म्हैसना गळामा शे,” अनुसया म्हणाली. “तिलेबी फेफरं उनं नही.”